सकाळी आजारी, दुपारी ठणठणीत

सकाळी सुरू केलं की इंजिन दोन-तीन मिनिटं मिसिंग मारायचं, अख्खं विमान थडथडायचं. मग एकदम सुतासारखं सरळ! दिवसभर पुन्हा तक्रार नाही.

ओहायोतल्या एका छोट्या विमानतळावर भाड्याच्या हँगरमध्ये मी दोन आसनी विमान बांधतोय. नवं इंजिन परवडणारं नव्हतं. जुनं घेतलं: चार सिलिंडर, १५० अश्वशक्ती, सुमारे ११०० तास चाललेलं आणि नंतर कित्येक वर्षं पडून राहिलेलं. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम स्वतः केलेलं विमान ‘एक्स्पेरिमेंटल’ म्हणून नोंदवता येतं, आणि त्याच्या इंजिनाला हात लावायला मेकॅनिकचं लायसन्स लागत नाही. म्हणजे निस्तरायचंही आपणच.

प्लग बदलले. कार्बोरेटर खोलून धुतला. मॅग्नेटोचं, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचं, टायमिंग पाहिलं, बरोबर २५ अंश. मग कॉम्प्रेशन: ८० पौंड दाबाची हवा आत सोडली, चारही सिलिंडरांनी ७४ ते ७७ धरून ठेवली. इतकं उत्तम कॉम्प्रेशन बघून मी जास्तच वैतागलो.

शेजारच्या हँगरमधल्या म्हाताऱ्या मेकॅनिकला आकडे दाखवले. त्याने एकच विचारलं, “इंजिन गरम असताना घेतलेस ना?” अर्थातच. पुस्तकात तसंच लिहिलंय. आणि इथेच फसलो होतो. आजार थंडीतला, आणि मी प्रत्येक तपासणी दुपारी, बरं वाटत असताना करत होतो.

दुसऱ्या दिवशी तो सकाळी सात वाजता पाण्याची बाटली घेऊन हजर. इंजिन मिनिटभर चालवलं, बंद केलं, आणि त्याने एक्झॉस्टच्या चारही नळ्यांवर पाणी शिंपडलं. आंबोळी घालण्याआधी आई तव्यावर शिंपडायची, अगदी तसं. तीन नळ्यांवर चर्र झालं. मागच्या डाव्या नळीवरून थेंब नुसता ओघळला.

म्हणजे तो सिलिंडर पेटतच नव्हता. त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, जळका धूर बाहेर सोडणारी झडप, उघडाच अडकत होता. विमानाच्या पेट्रोलमधल्या शिशाची आणि कार्बनची पुटं गाइडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यातून सरकतो त्या नळीत, साचलेली. तापलं की व्हॉल्व्ह सुटायचा. हवेत असताना बंद स्थितीत अडकला असता तर त्याला ढकलून उघडणारा दांडा, पुशरॉड, वाकला असता.

सिलिंडर न उतरवता काम करायची युक्ती मला फार आवडली. पिस्टन खाली नेऊन प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत कोंबायची. मग हाताने पंखा फिरवून पिस्टन वर आणला की दोरी व्हॉल्व्हला आतून दाबून धरते. व्हॉल्व्हवरचा रॉकर आणि स्प्रिंगा काढायच्या, दोरी ओढून घ्यायची आणि व्हॉल्व्ह आत ढकलून द्यायचा. मुद्दाम, स्वतःच्या हाताने, इंजिनाच्या पोटात! रीमरला, म्हणजे भोक आतून खरवडायच्या हत्याराला, ग्रीस फासून गाइड साफ केलं. चुरा आत पडू नये म्हणून ग्रीस. काळी, चिकट घाण निघाली. खरी परीक्षा पुढे होती: लांब, लवचिक चिमट्याने व्हॉल्व्हचा दांडा आंधळेपणाने पुन्हा गाइडमध्ये ओवायचा. दीड तास गेला. मराठीतल्या निवडक शिव्या ओहायोत पहिल्यांदाच ऐकू आल्या असतील.

दुसऱ्या सकाळी कडाक्याची थंडी. सुरू केलं, मिनिटभर चालवलं, बाटली उपडी केली. चारही नळ्यांवर चर्र.

म्हातारा म्हणाला, “उरलेल्या तिन्ही गाइड पण करून घे. रीमर शनिवारपर्यंत ठेव.”