नाण्यावरचं चित्र कोण बघतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रोमन चांदीच्या नाण्यांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: ‘नाणं खर्चायला असतं, त्यावरचं चित्र कोण बघत बसतं? मग त्याला प्रचार कसं म्हणायचं?’

बघत होते. बायबलमध्ये येशू देनारियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, मागवून विचारतो, हा चेहरा कोणाचा? उत्तर लगेच येतं: सीझरचा, म्हणजे रोमन सम्राटाचा.

ही चेहऱ्याची प्रथा रोमच्या टांकसाळीत ज्युलियस सीझरनं पाडली. इ.स.पू. 44 पर्यंत तिथल्या नाण्यांवर देव असत, पूर्वज असत. जिवंत माणसाचा चेहरा कधीच नाही. त्यानं स्वतःचा चेहरा आणला, सोबत ‘आजीवन हुकूमशहा’ ही पदवी. मार्चमध्ये त्याचा खून झाला. मारेकऱ्यांतल्या ब्रूटसनं पुढे आपल्या सैन्यासाठी नाणी पाडली: दोन खंजीर, मधे गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाची टोपी, खाली खुनाची तारीख. आणि पालथं केलं की खुद्द ब्रूटसचा चेहरा! प्रजासत्ताकासाठी खून करणाऱ्यालाही तो मोह आवरला नाही, हे मला त्या खंजिरांपेक्षा जास्त बोलकं वाटतं. कॅसियस डिओ या इतिहासकारानं दोनशेहून अधिक वर्षांनी या नाण्याचं वर्णन लिहून ठेवलंय.

माझ्या मते खरा उस्ताद ऑगस्टस, रोमचा पहिला सम्राट. इ.स.पू. 53 मध्ये इराणकडच्या पार्थियनांनी रोमन सेनापती क्रॅससच्या सैन्याचा धुव्वा उडवून रोमन सैन्याची निशाणं पळवली होती. ऑगस्टसनं इ.स.पू. 20 मध्ये ती वाटाघाटी करून परत मिळवली. लढाई झालीच नाही. नाण्यावर मात्र पार्थियन माणूस गुडघे टेकून निशाण पुढे करतोय. सैनिकाचा पगार वर्षाला 225 देनारियस, त्यामुळे असं नाणं कधीतरी त्याच्या हाती पडणारच. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं, कोण जिंकलं ते.

पण लोक चित्राइतकंच धातूकडेही बघत. सम्राट नीरोनं इ.स. 64 च्या सुमारास नाण्यातली चांदी कमी केली, पुढच्यांनी आणखी. तिसऱ्या शतकातल्या सम्राट गॅलिएनसच्या नाण्यांवर ‘सैन्याची निष्ठा’ असं कोरलंय आणि अखेरच्या वर्षांत त्यांत चांदी नावापुरतीच उरली होती. एकामागून एक सेनापती बंड करत होते, म्हणून तर निष्ठेची आठवण करून द्यावी लागत होती. 268 मध्ये त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याला मारलं. लोकांनी जुनी, चांगल्या चांदीची नाणी बाजूला काढली आणि मडक्यांत घालून पुरली.