बिजलीचं नाक : खाऊशिवाय शोधकाम, जून ते ऑगस्ट

बिजली अडीच वर्षांची, कारवान जातीची. पुण्यातला फ्लॅट, बाहेर पाऊस, आणि दाराबाहेर पाय पडला की चिकन असो वा पनीर, मान फिरवणारी कुत्री. कारवान किंवा मुधोळ पाळणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. हे कुत्रे डोळ्यांनी शिकार करणारे, समोर काही हललं की पोट विसरतात. त्यामुळे स्नफल मॅट (खाऊ लपवायची झालरीची चटई), भरलेला काँग (खाऊ भरायचं पोकळ रबरी खेळणं) वगैरे नेहमीचे उपाय इथे बाद. पळवून दमवणं हा उपायही अर्धाच. रोज पळवाल तसा दम वाढत जातो आणि महिन्याभराने तेवढ्या पळण्याने कानही हलत नाही. डोकं वापरायला लावणारं काम हवं, इथे ते लपवलेला वास नाकाने शोधण्याचं, आणि त्याचं बक्षीस खेळणं हवं.

अशा कामात एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. खाऊ हातातून कुठेही देता येतो, खेळणं तसं देता येत नाही. ते कुठून आलं आणि कोणत्या क्षणी आलं, यावर कुत्रा काय शिकेल ते ठरतं. खालच्या बहुतेक अडचणी तिथूनच निघालेल्या आहेत.

जून : आधी खेळण्याला भाव आणा

खेळणं दिवसभर जमिनीवर पडून असेल तर त्याला किंमत राहत नाही. कामाचं खेळणं कपाटात, आणि बाहेर निघेल ते फक्त कामापुरतं.

सुरुवात फ्लर्ट पोलने, म्हणजे काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला खेळणं. पाऊण इंची पीव्हीसी पाइप ३ फूट, दोन्ही टोकांना एंड कॅप, कॅपच्या मधोमध ६ मिमी भोक. ५ मिमीची नायलॉन दोरी साधारण ९ फूट घ्या, पाइपातून ओवा, मागच्या कॅपच्या बाहेर दुहेरी गाठ मारा. पुढे ५ फूट दोरी मोकळी राहते. टोकाला फ्लीसच्या ब्लँकेटच्या ६ सेंमी रुंद तीन पट्ट्यांची वेणी. जीन्स किंवा सुती दोरी नको. तिचे धागे सुटतात, पोटात गेले तर आतड्यात अडकतात. रबरी किंवा ताणणारी दोरीही नको, दातातून सुटली की झटक्याने परत येते आणि डोळ्याला लागते.

वेणी जमिनीवरूनच, नागमोडी, कुत्र्यापासून दूर पळवायची. हवेत उडवली की कुत्रा उडी मारून अंगाला पीळ देत उतरतो, आणि गुडघे, खांदे, पाठ तिथेच जातात. दीड वर्षाखालच्या पिल्लाला उड्या पूर्ण बंद. १० ते १५ सेकंद पाठलाग, मग पकडू द्या. दर वेळी चकवत राहिलात तर तिसऱ्या-चौथ्या फेरीला कुत्रा नाद सोडतो. एकूण खेळ ३ ते ४ मिनिटं, त्याआधी ५ मिनिटं चालणं. फरशीवर हा खेळ अजिबात नको, पाय फाकतात. पार्किंगमध्ये काथ्याच्या लांब चटया अंथरल्या की भागतं. जेवणानंतर निदान दीड तास थांबा. खोल छातीच्या जातींमध्ये पोट फुगून पीळ पडण्याचा धोका खरा आहे.

सोबत ‘सोड’ शिकवून घ्यायचं. खेचाखेच चालू असताना हात मांडीला टेकवून खेळणं मेल्यासारखं स्थिर धरायचं, बोलायचं नाही. तोंड सैल पडलं की त्याच क्षणी ‘घे’ म्हणून खेळ परत सुरू. सोडल्याने खेळ संपत नाही, उलट पेटतो, हे कळलं की ‘सोड’ आपोआप पक्कं होतं. जबडा उघडायला बोटं घातलीत की कुत्रा आणखी घट्ट धरायला शिकतो.

जिंकू दिल्याने कुत्रा शिरजोर होतो, असं अजूनही ऐकू येतं. ब्रिटनमध्ये गोल्डन रिट्रीव्हरवर हे तपासलं गेलं होतं आणि २००२ साली निष्कर्ष छापून आले. खेचाखेचीत जिंकल्याने कुत्र्यांचा वरचष्मा वाढला नाही. तेव्हा निर्धास्तपणे जिंकू द्या.

जूनअखेर बिजली कपाटाच्या कडीचा आवाज आला की दारात येऊन उभी राहायला लागली. खेळण्याला भाव आल्याची ही खूण. ती दिसेपर्यंत वासाकडे वळू नये.

जुलै : लवंग

वास लवंगेचा घेतला. अमेरिकेतल्या नोजवर्क (कुत्र्यांनी वास शोधण्याच्या) स्पर्धांमध्ये बर्च हे झाड, बडीशेपवर्गीय अनीस आणि लवंग हे वास वापरतात, इंग्लंडमध्येही लवंग चालते, आणि आपल्याकडे ती कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळते. अख्खी लवंगच घ्या, तेल नको. तेलातल्या युजेनॉल या घटकाने कातडी आणि नाकाची आतली त्वचा चुरचुरते. शिवाय दोन थेंबांनी सगळी खोली भरते, मग उगम कुठे हे कुत्र्याला सापडणार कसं?

घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत १० लवंगा. त्यावर धुतलेल्या सुती बनियनचे ३ × ३ सेंमीचे सहा तुकडे, ४८ तास. तुकडा उचलायला वेगळा चिमटा, तो दुसऱ्या कशाला लावायचा नाही. तुकडा जातो अॅल्युमिनियमच्या नव्या चपट्या डबीत, झाकणाला २ मिमीची पाच-सहा भोकं. तळाला एपॉक्सी गोंदाने लोहचुंबक चिकटवलं की ग्रिलला, फ्रिजच्या बाजूला, लोखंडी कपाटाला कुठेही लागते.

आता यातली मेख. चुंबक, एपॉक्सी, बनियन, हाताचा घाम, या सगळ्याला वास आहे. कुत्रा लवंग शोधतोय की एपॉक्सी? म्हणून हुबेहूब तशाच चार कोऱ्या डब्या हव्यात: तेच चुंबक, तोच गोंद, तेच कापड, फक्त लवंग नाही. त्या वेगळ्या कपाटात ठेवायच्या. आणि मांडताना आधी कोऱ्या, मग लवंगेची. उलट केलंत तर हाताची लवंग सगळ्यांना लागते.

दुसरी अडचण आपल्याच घरची. मसाल्याचा डबा, बिर्याणी, काही टूथपेस्ट, सगळीकडे लवंग. स्वयंपाकघरात शोध लावायचा नाही, आणि गरम मसाला भाजला त्या दिवशी सुट्टी.

मांडणी: बुटांचे पाच खोके, ओळीत, २ फुटांच्या अंतराने. पहिल्या पायरीला एका खोक्यात डबी आणि वेणी दोन्ही. कुत्रा वेणी शोधतो, लवंग फुकट नाकात जाते. ते सहज जमलं की वेणी आत ठेवणं बंद, ती हातून येते. इथे बहुतेकांची गाडी अडते.

कारवान नजरेचा कुत्रा. हातात खेळणं दिसलं की नाक बंद, डोळे हातावर. ते कमरेला मागे पॅन्टमध्ये खोचायचं, दोन्ही हात मोकळे दिसले पाहिजेत. नाक डबीशी गेलं की ‘येस’ म्हणायचं, ही बरोबर असल्याची खूण, आणि वेणी कुत्र्याच्या डोक्यावरून, मागून, थेट डबीशेजारी पडली पाहिजे. जणू डबीतूनच निघाली. आपल्याकडे वळल्यावर दिली तर शिकलेला धडा असा: वास आला की माणसाकडे बघा. असं बघणं सुरू झालंच, तर पुढचे काही शोध वेणी पुन्हा खोक्यात ठेवून करा. दोन-चार वेळा तिथूनच मिळाली की मान परत खाली जाते.

लवंगेचा खोका कायमचा लवंगेचा. पुठ्ठा वास धरतो, म्हणून त्यावर आतून खूण करा आणि कोऱ्यासाठी कधी वापरू नका. जागा मात्र दर वेळी बदला, नाहीतर कुत्रा नाकाऐवजी आठवण वापरतो.

खोका फाडणं, डबी चावणं हे जुलैच्या मध्यावर डोकं वर काढतं. कारण सरळ आहे: खेचाखेचीने अंगात आलेला जोर शोधात उतरतो. अशा वेळी डबी काढून वजनदार लाकडी पेटीखाली, फटीपाशी ठेवली. नाक पोचतं, दात नाही. आणि बक्षीस काही काळ खेचाखेचीऐवजी जमिनीवर हळू सरकवलेला मऊ चेंडू. मग थांबण्याची वेळ वाढवत नेली: नाक डबीवर १ सेकंद, मग २, मग ४. नाक हललं तर ‘येस’ नाही, रागावणंही नाही, नुसतं थांबायचं. आता ती डबीसमोर गोठल्यासारखी थांबते, शेपटी तेवढी बारीक थरथरते.

ऑगस्ट : खोली, पंखा आणि आपण स्वतः

खोलीत आल्यावर सगळ्यात जास्त त्रास दिला तो छताच्या पंख्याने. पंखा हवा खाली ढकलतो, ती जमिनीवरून भिंतींकडे जाते आणि भिंतीलगत वर चढते. डबी सोफ्याखाली, वास मात्र समोरच्या भिंतीपाशी. बिजली भिंतीवर नाक फिरवत राहायची, आणि बघणाऱ्याला वाटायचं चुकतेय. चुकत नव्हती, वास खरोखर तिथेच होता. नवशिक्या कुत्र्यासाठी पंखा शोधाच्या २० मिनिटं आधी बंद. डबी ठेवल्यावर १० ते १५ मिनिटं थांबा, वासाला पसरायला वेळ लागतो. खिडक्या बंद असलेल्या दमट खोलीत तो साचतो, तेव्हा फार वेळही ठेवू नका. काम पक्कं झालं की पंखा मुद्दाम एकवर चालू करून बघा. हा पुढचा उत्तम धडा आहे.

डबी आधी जमिनीपासून ५० सेंमीच्या आत. एका वेळी तीन शोध, सगळं मिळून ५ ते ८ मिनिटं. याहून जास्त ताणलं की नाकाचं काम संपतं आणि नुसती धावपळ उरते. शोध आधी, फ्लर्ट पोल नंतर. धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही. हुंगताना श्वास सेकंदाला पाचेक वेळा छोट्या झटक्यांत आत जातो, जीभ बाहेर असताना ते जमत नाही.

मोबाइलवर चित्रीकरण करून हळू गतीत बघा. वास लागल्याचा क्षण आधी अंगात दिसतो: तोंड मिटतं, डोकं झटक्यात मागे वळतं, हुंगण्याचा आवाज बारीक आणि जलद होतो. हे ओळखायला शिकलात तर ‘येस’ची वेळ अर्ध्या सेकंदाने सुधारते, आणि तेवढ्याने फार फरक पडतो.

दुसरा अडथळा आपण स्वतः. डबी कुठे आहे हे ठाऊक असलं की आपली पावलं तिथे रेंगाळतात, श्वास रोखला जातो, खांदे तिकडे वळतात. कुत्रा हे सगळं वाचतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रशिक्षित कुत्रे आणि त्यांचे हाताळणारे अशा १८ जोड्या तपासल्या. जागेत वास कुठेच नव्हता, पण हाताळणाऱ्यांना आहे असं सांगितलं होतं. बहुतेक शोधांत कुत्र्याने ‘सापडलं’ असं दाखवल्याची नोंद झाली. म्हणून निम्मे शोध आंधळे ठेवा: घरातल्या दुसऱ्याने डबी ठेवायची आणि खोलीबाहेर जायचं. आठवड्यातून एखाद्या वेळी डबी एका खोलीत ठेवायचीच नाही, आणि तिथे काही नाही हे बिजलीला ठरवू द्यायचं. ती स्वच्छ फिरून दारात परत आली की लगेच डबी असलेल्या खोलीत सोपा शोध द्या, नाहीतर हिरमुसते.

शोध संपला की ‘झालं’, वेणी कपाटात, आणि सतरंजीवर अर्धा तास. ही सतरंजी वगळू नका. काम संपल्यावर घरभर भिरभिरणं किंवा पट्टा चावणं हे ऊर्जा उरल्याचं नव्हे, डोकं तापल्याचं लक्षण आहे. त्यावर आणखी खेळ दिला तर जास्तच बिघडतं. आठवड्यात चार दिवस शोध पुरे.

मधल्या दिवसांत

पाऊस उघडला की १५ फुटी पट्टा हार्नेसला लावून वेताळ टेकडीच्या पायथ्याशी नुसतं हुंगणं. वेग तिचा, वाट तिची, आपण मागे. टेकडीवर मोर आहेत, त्यामुळे कारवान तिथे मोकळा सोडणं कोणत्याही परिस्थितीत नाही. साचलेल्या पाण्यात तोंड घालू देऊ नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो. त्याची लस दरवर्षी लागते. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यांत आणि कानांमागे गोचीड बघायची.

खेळण्यांची नावं शिकवण्याबद्दल बऱ्याच जणांना उत्सुकता असते. अमेरिकेतल्या चेसर या बॉर्डर कॉलीने १,०२२ वस्तूंची नावं शिकली. तिचे शिक्षक जॉन पिली खाऊ वापरत नसत, खेळ आणि शाबासकी हेच बक्षीस. पण ते तीन वर्षं रोज ४ ते ५ तास शिकवत होते. बहुतेक घरगुती कुत्र्यांना महिनोन्‌महिने शिकवूनही दोन वस्तूंची नावं वेगळी ओळखता येत नाहीत. बिजलीला ‘वेणी’ आणि ‘चेंडू’ यांतला फरक अजून डोळ्यांनीच कळतो, शब्दाने नाही. तिथे फार वेळ घालवण्यात अर्थ नाही, नाकाचं काम तिला जास्त देतं.

सध्या अडकलेलं

एक मीटरच्या वरची डबी. वास खाली ओघळतो, ती खालच्या जागेवर थांबते आणि वर बघत नाही. आता डबी कपाटाच्या बाजूला ६० सेंमीवर लावून, एका वेळी १० सेंमी वर सरकवत आहोत. तिने मान वर केली की वेणीही वरूनच, भिंतीला घासत खाली येते. सप्टेंबरमध्ये पार्किंगमधल्या गाड्या: डबी चाकाच्या कमानीत, इंजिन पूर्ण थंड झालेलं, आणि वाऱ्याची दिशा कळायला खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली.