बटणाची छत्री आणि फ्लूचा व्हायरस

परवा भर बसमध्ये माझी बटणाची छत्री पिशवीतल्या पिशवीतच फाडकन उघडली, शेजारच्या काकू केवढ्या दचकल्या, आणि मला पहिलं काय आठवलं तर हिमॅग्लुटिनिन, फ्लूच्या व्हायरसवरचा प्रोटीनचा काटा. घरचे म्हणतात तापाचा परिणाम आहे.

ताप खराच आला होता, आठवडाभर आडवी होते, आणि पडल्या पडल्या फ्लूबद्दल वाचत सुटले. आपल्या डोक्यात फ्लूचा व्हायरस म्हणजे कदंबाचं फूल, गोल चेंडू आणि त्यावर ताठ काटे. 2009 ला पुण्यात स्वाईन फ्लूच्या वेळी सगळे रुमाल बांधून फिरत होतो तेव्हा पेपरात रोज तेच चित्र यायचं. पण ते काटे ताठ नसतातच हो! सगळी गंमत त्यांच्या हलण्यात आहे.

काटे दोन जातीचे, हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज, एचवनएनवन मधले एच आणि एन ते हेच. आपल्या पेशींवर सायलिक अ‍ॅसिड नावाची साखर असते, एच तिला धरतो. एकेकट्या काट्याची पकड अगदीच लेचीपेची, पण असे शेकडो काटे असतात, त्यातले बरेच एकदम चिकटले की काम झालं. एन उलट ती साखर कापतो, नाहीतर नवीन व्हायरस जिथे जन्मले तिथेच चिकटून बसतील (टॅमिफ्लू हे फ्लूवरचं औषध नेमकं या एनलाच अडवतं).

आता छत्री. पेशी व्हायरसला पिशवीत घेऊन गिळते, आत गेल्यावर ती पिशवी आंबट होत जाते, पीएच साधारण साडेपाचच्या आसपास आला की एचचा खटका सुटतो. एचची वरची तीन डोकी बाजूला होतात, आत दुमडून ठेवलेला भाग सरळ लांब दांडा बनतो, त्याचं टोक पेशीच्या पडद्यात घुसतं, मग सगळं परत दुमडून दोन्ही पडदे एकमेकांवर ओढतं आणि व्हायरसचा माल, म्हणजे त्याची जनुकं, पेशीत. बंद छत्रीची रचना 1981 ला वायली, विल्सन आणि स्केहेल या शास्त्रज्ञांनी दाखवली, उघडल्यानंतरची 1994 ला आली. काटा व्हायरसवरून कापायला त्यांनी ब्रोमेलेन वापरलं होतं, म्हणजे अननसातलं एन्झाइम, ज्याने जास्त अननस खाल्ला की जीभ चुरचुरते ना, तेच!

पण ही छत्री एकदाच उघडते, परत मिटत नाही. भलत्या ठिकाणी उघडली की तो काटा वाया. म्हणून खटका फार सैल असून चालत नाही आणि फार घट्ट असला तर आंबट पिशवीतसुद्धा सुटणार नाही. 2012 ला बर्ड फ्लूचे जे वादग्रस्त प्रयोग छापून आले, फेरेट या प्राण्यात हवेतून पसरणारा एचफाइव्ह (बर्ड फ्लूच्या एचचा प्रकार) तयार केला ते, त्यात नुसती पकड बदलून भागलं नव्हतं, एच जास्त टिकाऊ करणारा बदलही लागला. मला हे वाचून जरा गारच पडल्यासारखं झालं.

आणि खटका सुटायच्या आधीही काटा गप्प नसतो. 2022 ला रोमी अमारो या शास्त्रज्ञ बाईंच्या टीमने अख्ख्या एचवनएनवनचं 16 कोटी अणूंचं कॉम्प्युटर मॉडेल चालवलं, त्यात एन मान कलती करतो, एच झुकतो, आणि एचची तीन डोकी क्षणभर फाकून परत जवळ येतात, श्वास घेतल्यासारखी. त्या फटीत आपला डाव आहे. 2019 ला फ्लूए-20 नावाची एक अँटीबॉडी सापडली, माणसाच्याच शरीरातली, ती नेमकी दोन डोक्यांच्या मधल्या झाकलेल्या जागेला धरते. डोकी घट्ट चिकटलेली असती तर तिला ती जागा कधी मिळालीच नसती.

छत्री काल दुरुस्तीला दिली. छत्रीवाले काका म्हणाले, स्प्रिंग ठणठणीत आहे, खटका झिजलाय, तीस रुपये होतील.