एकाच आकड्याचे दोन गोंगाट

मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी मोबाइलवरील ध्वनिमापक ॲप सुरू करून आधी ठाण्याच्या तीन हात नाक्यावर आणि मग मासुंदा तलावाच्या, म्हणजे आपल्या तलावपाळीच्या कट्ट्यावर दहा-दहा मिनिटे थांबलो. अशा ॲपचे आकडे अगदी अचूक नसतात. तरीही दोन्हीकडे आकडा ७० डेसिबलच्या आसपासच घुटमळत होता. नाक्यावर मात्र मी दात आवळून उभा होतो, आणि तलावपाळीवर मुलांचा कलकलाट, भेळवाल्याच्या हाका आणि कोपिनेश्वराच्या देवळातली घंटा ऐकत असताना खांदे आपोआप सैल झाले होते.

या फरकाचा उलगडा मला डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या, १९७० च्या आसपासच्या प्रयोगांत सापडला. त्यांनी काही लोकांना मधूनच उसळणारा, केव्हा येईल याचा अंदाज न लागणारा मोठा आवाज ऐकवला. त्यांतील काहींच्या हाताशी तो बंद करण्याचे बटण दिले आणि शक्यतो ते दाबू नये, अशी विनंती केली. बहुतेकांनी बटणाला हात लावला नाही. तरीही आवाज संपल्यावर दिलेली अवघड कोडी सोडवण्याचा प्रयत्न बटण मिळालेल्यांनी अधिक चिकाटीने केला, मुद्रितशोधनात त्यांच्या चुकाही कमी झाल्या. आवाज तोच होता; तो थांबवता येईल एवढ्या जाणिवेनेच मनावरचा भार हलका झाला होता.

तलावपाळीवर मी माझ्या मर्जीने जातो आणि नकोसे झाले की जांभळी नाक्याच्या बाजूने बाहेर पडतो. नाक्यावर सिग्नल हिरवा होण्याआधीच पाठीमागून येणारा हॉर्न मात्र मला उद्देशून असतो आणि त्यावर मी काहीही करू शकत नाही. कानाला पापणी नसते. आपण झोपलेलो असतानाही मेंदू आवाजाची दखल घेत राहतो, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. सकाळी आठवत काहीच नाही, फक्त चिडचिड उरते आणि तिचे खापर आपण घरातल्या माणसांवर फोडतो.

गेल्या वर्षी उत्सवाच्या दिवसांत आमच्या गल्लीच्या तोंडाशी ध्वनिवर्धकांची भिंत उभी राहिली. खालच्या पट्टीतला तो दणका खिडक्या लावूनही थांबत नाही, कारण असा आवाज भिंतीतून सहज आत येतो. माझी आई ७४ वर्षांची आहे. रात्री पाण्याचा पेला हातात धरून ती म्हणाली, "बंद कधी होणार एवढं कुणी सांगितलं ना, तर मी डोळे मिटून पडून राहीन रे." ग्लास आणि सिंगर यांचे नावही तिने ऐकलेले नाही, पण नेमके त्यांचेच म्हणणे ती सांगत होती.

हीच आई गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेतल्या ढोल-ताशासाठी सकाळी लवकर आवरून रस्त्याच्या कडेला उभी राहते. तो आवाज कोणत्या दिवशी येणार आणि केव्हा पुढे सरकणार हे तिला ठाऊक असते. अर्थात, आवडीच्या आवाजानेही कानाच्या आतल्या नाजूक पेशींना इजा होतेच, म्हणून ती पथकापासून दूर उभी राहावी यासाठी मी दरवर्षी तिच्याशी वाद घालतो.

कायद्याने आपल्या हाती थोडे बटण दिले आहे, असे मला वाटते. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलची मोजणी सरळ चढत नाही. ५५ वरून ७० वर जाणे म्हणजे ध्वनीची ऊर्जा सुमारे ३० पट होणे. ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या नियमांच्या कडक अंमलबजावणीचे आदेश दिले, याचा ठाणेकर म्हणून मला अभिमान वाटतो. तरीही त्या रात्री तक्रार नोंदवायला फोन उचलताना, शेजारी काय म्हणतील या विचाराने माझा हात अडखळला होता. दणका थांबला तेव्हा दीड वाजला होता.

आता पहाटे साडेपाचला मी आईला घेऊन नौपाड्यातून घंटाळीच्या बाजूने तलावपाळीला जातो. गोखले रस्ता लांब राहतो, पाच-सात मिनिटे जास्त लागतात. परवा ती मध्येच थांबली आणि हात वर करून मला गप्प केले. स्टेशनकडून गाडीचा भोंगा ऐकू आला, मग एका झाडावरून कोकीळ ओरडला. "हं, चल आता," ती म्हणाली.