पॅराबोलिकाला स्टिअरिंग हलकं होतं तेव्हा

गेमपॅडवर 'असेटो कोर्सा' हा गाड्यांच्या शर्यतीचा सिम्युलेटर गेम खेळायला लागून मला चार वर्षं झाली होती. अंगठ्याने गाडी वळते, लॅपटाइमही बरा निघतो. पण पुढची चाकं घसरायला लागली हे कळतं ते डोळ्यांना, आणि तोवर उशीर झालेला असतो. खऱ्या गाडीत ही बातमी आधी हाताला येते. तेवढ्यासाठी मला फोर्स फीडबॅकचं व्हील हवं होतं, म्हणजे आतल्या मोटरने गाडीचा जोर हाताला जाणवून देणारं स्टिअरिंग. पैसे वर्षभर बाजूला टाकलेले, म्हणून तीन प्रकार स्वतः चालवून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही असं ठरवलं.

सुरुवात आकड्यांपासून केली. लॉजिटेकचं जी२९ गिअरवर चालतं, म्हणजे मोटरचा जोर दातेरी चाकांमधून येतो, आणि ते ९०० अंश फिरतं. थ्रस्टमास्टरचं टी३०० बेल्टवर, म्हणजे पट्ट्यावर चालतं, १०८० अंश फिरतं. फॅनाटेकचं सीएसएल डीडी आणि मोझाचं आर५ ही डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच व्हील बसवलेलं, मध्ये काहीच नाही. ताकद न्यूटन मीटरमध्ये सांगतात. गिअरवाली साधारण २ च्या आसपास, बेल्टवाली त्याहून जास्त, आर५ ची ५.५. सीएसएल डीडी ५ ची आहे, मोठा पॉवर सप्लाय लावला की ८ होते. हे आकडे हाताला कसे लागतील याचा मी वहीत हिशेब मांडला. २८ सेंटिमीटर व्यासाच्या व्हीलला ५.५ न्यूटन मीटर म्हणजे कडेवर जवळजवळ चार किलोचा ओढा. २ न्यूटन मीटर म्हणजे दीड किलोच्या जवळपास. हा हिशेब करून मला वाटलं, झालं, जास्त ताकदीचं घ्यायचं.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, ठाण्याच्या खोपट डेपोला. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाड्यांवर त्यांची बरीच वर्षं गेली. वही बघून ते म्हणाले, "जड असणं वेगळं आणि कळणं वेगळं. स्टिअरिंग हाताला जड लागतंय तोवर गाडीने रस्ता धरलेला असतो. पावसात ते एकदम हलकं झालं, की ब्रेकवर पाय द्यायचा नाही, हात थोडे सरळ करायचे. ते हलकं होणं तुझ्या मशीनमध्ये कळतं का बघ."

मग मी तेच बघायचं ठरवलं. पुढचं चाक वळलेलं असताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग थोडा पिळतो आणि चाकाला परत सरळ करायला बघतो. हाताला जो जोर लागतो त्यातला मोठा वाटा याचा. टायर पकडीच्या टोकाला यायला लागला की हा सरळ करणारा जोर, पकड पूर्ण संपण्याच्या जरा आधीच, कमी व्हायला लागतो. चांगल्या सिम्युलेटरमध्ये हे गणित असतंच. ते हातापर्यंत पोचवायचं काम व्हीलचं.

तुलनेसाठी गाडी एकच ठेवली, टोयोटा जीटी८६. ट्रॅक इटलीतला मोन्झा, कारण तिथलं शेवटचं वळण, पॅराबोलिका. लांबलचक उजवं वळण आहे. थोडा जास्त वेग घेऊन शिरलं की पुढची चाकं हळूहळू सुटत जातात, एका झटक्यात नाही. पारखायला याहून चांगली जागा मला सापडली नाही.

गिअरचं व्हील ऑफिसमधल्या मित्राने आठवड्यासाठी दिलं. पहिल्या संध्याकाळी मी हरखून गेलो, कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर चाक चढलं की हात थरथरतात, हे गेमपॅडवर कुठलं? पण पॅराबोलिकात ते हलकं होणं काही केल्या लागेना. दोन दिवसांनी कारण सापडलं. गेममध्येच पेडल्सचं एक छोटं ॲप आहे, त्यात फोर्स फीडबॅकची पट्टी दिसते. वळणभर ती लाल होती. गेम मागतोय तेवढा जोर मोटर देऊच शकत नव्हती, त्यामुळे वरचे सगळे चढउतार एका पातळीवर कापले जात होते. यालाच क्लिपिंग म्हणतात. गेन, म्हणजे जोर किती द्यायचा याचं सेटिंग, १०० वरून ६५ वर आणला आणि पट्टी लाल व्हायची थांबली. आता हलकं होणं लागू लागलं, पण जेमतेम, कारण जोर कमी केल्यावर बारीक हालचाली गिअरच्या घर्षणात विरत होत्या. म्हणजे ताकद हवी ती हात दुखवायला नव्हे. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात बारीक जोर, दोन्ही एकाच वेळी मावायला जागा हवी म्हणून. माझी वही अर्धी बरोबर निघाली आणि बाबा पूर्ण बरोबर.

बाबांनीही चालवून बघितलं. "खडखड फार आहे," म्हणाले. "रस्त्याची कुठली आणि आतल्या दात्यांची कुठली, ते वेगळं निघत नाही." रात्री तर हॉलमध्ये झोपलेली आई दोनदा उठली, एवढा आवाज.

बेल्टचं व्हील मानपाड्याला एकजण विकत होता, त्याने त्याच्या घरी अर्धा तास बसू दिलं. मऊ, सलग, आवाज जवळजवळ नाही. पॅराबोलिकातलं हलकं होणं स्पष्ट लागलं. बजेट कमी असतं तर मी तेच उचललं असतं. फक्त कर्बचे धक्के जरा गोलसर होऊन येत होते, बेल्ट ते थोडे पिऊन टाकतो.

तिसरं नेरुळच्या मावसभावाकडे. रविवारी ट्रान्स हार्बरने मी आणि बाबा दोघं गेलो. त्याचं डायरेक्ट ड्राइव्ह ५.५ चं. तिसऱ्या लॅपला मी मुद्दाम जोरात शिरलो. स्टिअरिंग भरत गेलं, भरत गेलं आणि मग हातातून वजन काढून घेतल्यासारखं रितं होऊ लागलं. गाडी अजून रेषेवरच होती. मी हात किंचित सरळ केले, वजन परत आलं. पडद्यावर काहीच दिसलं नव्हतं. मी पुढच्या पाच लॅप्समध्ये फक्त तेच करत राहिलो.

बाबा बसले तेव्हा मी त्यांचे अंगठे बघितले. ते रिमच्या आत न अडकवता वर, बाहेर ठेवलेले. खड्ड्यात चाक आदळलं की जुन्या गाड्यांचं स्टिअरिंग उलटं झटका मारायचं, अंगठा आत असला तर मोडायचा. भिंतीवर गाडी आदळली की डायरेक्ट ड्राइव्हही तसाच झटका देतं, हे मावसभावाला मनगट लचकल्यावर कळलं होतं. घेणाऱ्यांनी ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, आणि आदळणार असं दिसलं की हात सोडून द्यावेत.

मी डायरेक्ट ड्राइव्ह घेतलं. गिअरच्या नव्या व्हीलच्या जवळजवळ दुप्पट पैसे गेले.

पण काम तिथे संपलं नाही, आणि या भागाबद्दल मला कोणी आधी सांगायला हवं होतं. माझं कॉम्प्युटर टेबल पार्टिकल बोर्डचं. क्लॅम्प आवळला तरी दुसऱ्या दिवशी टेबल डुलायला लागलं, आणि टेबल डुललं की बारीक जोर टेबलच खाऊन टाकतं. एवढे पैसे देऊन मला पुन्हा गिअरच्या व्हीलसारखंच धूसर लागत होतं. शेवटी रॅक बनवणाऱ्याकडून स्लॉटेड अँगल कापून आणले, सुताराने त्यावर १९ मिमीचं प्लायवूड बसवून दिलं, व्हील बोल्टने कसलं. त्या दिवशी फरक इतका पडला की मला सेटिंग्ज नव्याने लावावी लागली. पेडल लादीवर सरकायची, ती भिंतीला टेकवली. खुर्चीची चाकं काढून टाकली, नाहीतर ब्रेक दाबला की खुर्चीच मागे जाते.

व्हीलच्या धातूच्या बेसला हात लागला की मुंग्या यायच्या. इलेक्ट्रिशियनने बघितलं तर आमच्या त्या जुन्या प्लगला अर्थिंगच नव्हतं. ते करून घेतलं आणि मुंग्या गेल्या. जुन्या इमारतीत राहत असाल तर आधी हे तपासा.

आता मला बोचतो तो ब्रेक. सोबत आलेलं पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं, लोड सेलचं पेडल किती जोराने दाबलं ते मोजतं. पायाला जोर लक्षात राहतो, अंतर नाही. वळणाआधी मी अजून प्रत्येक वेळी वेगळाच थांबतो. पुढचे पैसे तिकडे जातील.

गेन मी ८० वर ठेवतो. रविवारी सकाळी चहा झाल्यावर बाबा बसतात, तेव्हा ते तो १०० करून घेतात.