जुन्या रायफलीवरच्या 'बिनकामाच्या' भागांबद्दल

एनसीसीच्या मुलांना मी शस्त्रांची ओळख करून देतो. नाशिकरोडची बॅच असो की कॉलेज रोडची, जुनी थ्री नॉट थ्री हातात आली की कुणीतरी विचारतंच, "सर, ही चीर कशाला? इथे तर काहीच बसत नाही." आता तुम्हीही विचारलंत की या रायफलीवर काहीच काम नसलेले असे भाग का आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काही रायफलींच्या बॉडीवर उजव्या अंगाला दिसणारी ती चीर कट-ऑफची. तिच्यात एक सपाट पोलादी पट्टी बसायची. पट्टी आत ढकलली की मॅगझिनमधल्या, म्हणजे खालच्या गोळ्यांच्या पेटीतल्या, १० गोळ्या खालीच दबून राहायच्या, बोल्ट (गोळी नळीत सरकवणारा दांडा) कितीही मागेपुढे करा. जवानाने एकेक गोळी हाताने भरायची आणि झाडायची. मॅगझिनला हात लावायचा तो हुकूम झाल्यावरच. भरलेलं मॅगझिन मोकळं दिलं तर शिपाई दारूगोळा उधळेल, ही वरच्यांची धास्ती. आपल्याच जवानावरचा अविश्वास लोखंडात घडवलेला मला दुसरीकडे कुठे इतका स्पष्ट दिसत नाही, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटतं. पुढे चार्जर, म्हणजे पाच गोळ्या एकत्र धरणारी पट्टी, आला. वरून अंगठ्याने दाबला की गोळ्या सरळ मॅगझिनमध्ये! मग एकेक भरत बसण्यात अर्थ उरला नाही.

याच रायफलीच्या १९०७ च्या मार्क थ्री मॉडेलवर डाव्या बाजूला लाकडात एक तबकडी आणि फिरता काटाही असे. हा लांबचा नेम धरण्यासाठी. आकडे २८०० यार्डांपर्यंत, म्हणजे अडीच किलोमीटर. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापासून जवळपास द्वारका सर्कलपर्यंत! तिथला माणूस डोळ्यांना दिसायचा नाही, मग नेम कसला? एकट्याने नेम धरायचाच नव्हता. अख्ख्या कंपनीने एका हुकमावर लांबच्या घोडदळावर किंवा तोफांच्या तळावर एकदम गोळ्यांचा मारा करायचा. ते काम मशीनगन आणि तोफखान्याने घेतलं. देवळालीच्या रेंजवर तोफ वाजली की मी मुलांना म्हणतो, त्या तबकडीचं काम आता तिकडे चालतं.

नळीच्या टोकाखालचे दोन छोटे कान पाइलिंग स्विव्हलचे. त्यात कडी अडकवून तीन रायफली तिकाटण्यासारख्या उभ्या करायच्या, म्हणजे चिखलात पडत नाहीत. दस्त्यावरची पितळी चकती पलटणीचा नंबर कोरण्यासाठी.

पहिल्या महायुद्धात रायफली लाखांनी लागल्या, तेव्हा १९१६ च्या मार्क थ्री स्टारमधून कट-ऑफ आणि तबकडी दोन्ही गेली. इशापूरच्या कारखान्यातही पुढे हेच मॉडेल बनत राहिलं. स्विव्हल गेला तरी कान बऱ्याच रायफलींवर तसेच राहिले.

"मग घासून सपाट का करत नाही?" असंही मुलं विचारतात. माझ्यापुरतं उत्तर पक्कं आहे: डीपी रायफल (फक्त कवायतीसाठी ठेवलेली) असली तरी तिच्यावर कानस चालवायची नाही. पुढच्या बॅचला ती चीर बोट लावून बघता आली पाहिजे.