सेल्फवर बंद, हँडलवर चालू

मालकांच्या आजोबांचा डॉज ट्रक. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जोडलेला, सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड पेट्रोल इंजिन. नातवानं हौसेनं डेल्कोत (प्रत्येक प्लगला पाळीनं ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर) पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवून घेतलं, आणि तेव्हापासून गाडी सेल्फवर, म्हणजे स्टार्टर मोटरवर, उठेना. हँडल मारलं की मात्र पहिल्या झटक्यात सुरू. माझ्याकडे यायच्या आधी कुणीतरी कार्बुरेटर खोलून पाहिला होता. करंट न तपासता कार्बुरेटरला हात घालायची ही खोड आमच्या धंद्यातून जाता जात नाही.

हँडलवर उठते यातच निम्मं उत्तर होतं. ही गाडी ६ व्होल्टची, तीही पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. किट त्याच जोडणीचं होतं, दोष त्याचा नव्हता. सेल्फ फिरताना कॉइलवर (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवते ती) मीटर लावला तर जेमतेम साडेतीन व्होल्ट! एवढ्यावर जुना पॉइंट (डेल्कोत उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणारा) कसाबसा ठिणगी देतो. किटमधलं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल सरळ गप्प बसतं. हँडल मारताना सेल्फ करंट ओढत नाही, म्हणून बॅटरीचा सगळा दाब, म्हणजे व्होल्टेज, कॉइलला मिळतो.

आता बॅटरीच्या वायरी बघितल्या. १२ व्होल्टच्या गाडीच्या, बारीक. तेवढ्याच ताकदीला ६ व्होल्टवर दुप्पट अँपिअर लागतात, तिथं वायर अंगठ्याएवढी जाड हवी. वेल्डिंगची केबल आणून लग दाबून घेतले, अर्थची पट्टी थेट सेल्फच्या बोल्टवर घेतली, खालचा रंग पांढरा पत्रा दिसेपर्यंत खरवडला. कॉइलची जोडणीही उलटी होती; प्लगच्या मधल्या टोकाला निगेटिव्ह मिळालं तरच ठिणगी कमी दाबात उडते. डेल्कोच्या शाफ्टचं बुश हलत होतं, ते उद्यमनगरात लेथवर नवीन करून घेतलं.

टायमिंग लावायची या इंजिनाची रीत मला फार आवडते. सहाव्या सिलिंडरच्या वर हेडमध्ये एक छोटा आट्यांचा प्लग (बूच, ठिणगीचा प्लग नव्हे) असतो. तो काढून आत सळई सोडायची, पिस्टन वर आला की हाताला कळतं. एक आणि सहा बरोबरच वर येतात, म्हणून डेल्कोतला फिरता रोटर कुठल्या सिलिंडरच्या वायरीकडे बघतोय तेही पाहायचं. ज्यानं हे इंजिन आखलं त्यानं रस्त्याकडेला उभ्या मिस्त्रीचा विचार केला होता.

संध्याकाळी सेल्फ मारताना कॉइलवर पाच व्होल्ट, आणि गाडी अर्ध्या फेऱ्यात उठली.

"मिस्त्री, आता काळजी मिटली ना?" मालकांनी विचारलं.

मला हो म्हणवेना. पॉइंट बिघडतो तो कुरकुरत. कानशीनं घासून, ०.०२० इंचाचा गॅप धरून घरापर्यंत आणतो. मॉड्यूल गेलं की घाटात गाडी जागेवर उभी. आणि किट बसवणाऱ्यानं जुनी पॉइंटची प्लेट, कंडेन्सरसकट, भंगारात दिली होती! चांगली प्लेट. मालकाला न विचारता.

कुर्ल्याच्या भंगार बाजारात तशीच प्लेट शोधायला सांगितलंय. मिळाली की गॅप लावून, कापडात गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवणार. किट काढून तीच बसवावी का, हे मालकांशी अजून बोललेलो नाही.